स्टुटगार्टात राहून पेठेचा फुटबॉल संघ सांभाळताना: नव्याने आलेल्या कोल्हापूरकरांसाठी

कोल्हापुरातून थेट, किंवा मधे काही वर्षं पुण्यात नोकरी करून इकडे स्टुटगार्टला आलेल्या पोरापोरींचे पहिल्या महिन्यातले प्रश्न ठरलेले असतात. घर कसं शोधायचं, पत्त्याची नोंदणी कधी करायची, आरोग्यविमा कुठला घ्यायचा, कांदा-लसूण चटणी संपली तर काय करायचं. त्यांची उत्तरं द्यायला इथं बरीच मंडळी आहेत. डिसेंबर उजाडला की मात्र वेगळाच फोन येतो: "दादा, मॅच कुठं बघायची?" हे त्या प्रश्नासाठी लिहितोय, आणि त्याच्यापुढच्या प्रश्नांसाठीही, कारण ते सहसा कुणी विचारत नाही.

कोल्हापूरबाहेरच्या मंडळींसाठी थोडं सांगतो. आमच्याकडे फुटबॉल तालमींचा आहे. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी, जुना बुधवार, संध्यामठ अशी नावं घेतली की कोल्हापूरकराला अख्खी पेठ डोळ्यांपुढं येते. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला जो आश्रय दिला त्यातून गावात तालमी फोफावल्या, आणि पुढं त्याच तालमींच्या पोरांनी फुटबॉल उचलला. गणपती, शिवजयंती, मोहरमचे पंजे, २०१९ आणि २०२१ च्या महापुरात माणसांना बाहेर काढणं, जेवण पोचवणं, हे सगळं करणारी मंडळी तीच आणि शाहू स्टेडियमवर संघ उतरवणारीही तीच. केएसए, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, वरिष्ठ गटाची लीग घेते. तीत १६ संघ असतात. लीगच्या जोडीला अटल चषक, सतेज चषक, महापौर चषक, चंद्रकांत चषक अशा स्पर्धा होत आल्या आहेत. पाऊस ओसरून दिवाळी झाली की हंगाम सुरू होतो आणि पुढचा पाऊस येईपर्यंत चालतो. याच गावातून अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला.

मी शिवाजी पेठेतला. तालीम कुठली ते मुद्दाम लिहीत नाही, कारण हे सगळ्या पेठांच्या पोरांसाठी आहे. एवढंच सांगतो की स्टेडियमपासून दूर गेलं म्हणून माणूस तालमीतून बाहेर पडत नाही. मॅच बघणं हा तालमीच्या माणसाच्या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे. दूर राहून बाकीची कामं कशी करायची हे शिकून घ्यावं लागतं.

तरी आधी बघण्याचंच. मोठे सामने आता बहुतेक यूट्यूबवर थेट दिसतात. दुपारी ४ चा सामना इथं हिवाळ्यात सकाळी साडेअकराला सुरू होतो. मार्चच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं एक तास पुढं जातात, तेव्हापासून तोच सामना साडेबाराला. लीग हिवाळ्यात आणि चषकांचे बरेचसे सामने उन्हाळ्यात, त्यामुळं ऐन रंगात आलेल्या हंगामात दरवर्षी कुणी ना कुणी तासभर आधीच येऊन बसतं. कॅलेंडरात सामना भारतीय वेळेनं टाका, फोन आपोआप बदल करतो. सामना कामाच्या दिवशी असेल तर जेवणाची सुट्टी त्या वेळेला धरता येते. टीममध्ये आधी सांगितलं तर इथं कुणी नाही म्हणत नाही. फुटबॉलसाठी वेळ मागणाऱ्या माणसाचं म्हणणं जर्मन माणसाला पटकन समजतं. आणि सामना चालू असताना पेठेचा ग्रुप म्यूट करा. प्रक्षेपण अर्धा-एक मिनिट मागं असतं, ग्रुपवर गोल आधी येतो.

रविवारचा सामना असेल तर एकाच्या घरी जमा. इथं एक गोष्ट नीट लक्षात घ्या: जर्मनीत रविवार हा पूर्ण दिवस शांततेचा असतो, आणि रोज रात्री १० ते सकाळी ६ सुद्धा. हलगी, शिट्ट्या, खुर्च्या सरकवणं, गोल झाल्यावर दहा जणांनी एकदम उड्या मारणं, यावर खालच्या मजल्यावरून तक्रार येऊ शकते, आणि अशा तक्रारी घरमालकाकडं साचत जातात. फटाके तर ३१ डिसेंबर आणि १ जानेवारी सोडून वाजवताच येत नाहीत. फायनल असेल तर आमची मंडळी समाजकेंद्राची खोली दोन-तीन तासांसाठी भाड्यानं घेतात. भाडं वाटून फार पडत नाही आणि मोकळेपणानं ओरडता येतं. शेजाऱ्याला आधी चिठ्ठी टाकून सांगणं हाही चांगला रिवाज आहे, तो पाळा.

अशा एका खोलीत पाटाकडील आणि दिलबहारचे समर्थक शेजारीशेजारी बसून सामना बघतात. गावात हे लोक वेगवेगळ्या बाजूंच्या गॅलरीत बसतात. इथं एकजण दुसऱ्याला विमानतळावरून आणायला गेलेला असतो, त्याच्या बाळंतिणीला डबा दिलेला असतो. ईर्षा कमी होत नाही, सामना काटाकिर्र झाला तर आवाजही तेवढाच चढतो. पण संपल्यावर भांडी दोघं मिळून घासतात.

आता जे मला सगळ्यात कळकळीनं सांगायचंय ते. इथं बसून मोबाईलवर आग लावू नका.

कोल्हापूरच्या फुटबॉलची ईर्षा ही त्याची ताकद आहे. ती नसती तर शाहू स्टेडियमवर आजही अशी गर्दी झाली नसती. पण गेली काही वर्षं ती ईर्षा मैदान सोडून स्टेटसवर आणि रीलवर उतरलीय. सामन्याच्या आदल्या रात्री कुणीतरी दुसऱ्या पेठेला डिवचणारा व्हिडिओ टाकतो, त्यावर उत्तर येतं, त्याला प्रत्युत्तर जातं, आणि दुसऱ्या दिवशी त्याचा हिशोब स्टेडियमबाहेरच्या रस्त्यावर होतो. हुल्लडबाजी झाली की सामने थांबतात, संघांवर कारवाई होते, पोलीस येतात. या सगळ्यात परदेशातून टाकलेली पोस्ट फार जोरात पळते, कारण लिहिणाऱ्याला कशाचीच भीती नसते. त्याला त्या रस्त्यानं घरी जायचं नसतं.

गुन्हा नोंद होतो तो तिथल्या पोराच्या नावावर. ते पोरगं अठरा-वीस वर्षांचं असतं, सकाळी पोलीस भरती किंवा सैन्यभरतीसाठी धावत असतं. भरतीत चारित्र्य पडताळणी असते. आणि पासपोर्टचं काय होतं तेही सांगतो, कारण तुम्ही स्वतः त्यातून गेला आहात: पासपोर्ट कायदा १९६७ च्या कलम ६ नुसार फौजदारी न्यायालयात खटला प्रलंबित असेल तर पासपोर्ट नाकारता येतो. ज्या वाटेनं तुम्ही इथवर आलात ती वाट त्या पोराला वर्षानुवर्षं बंद होऊ शकते, न्यायालयाकडून परवानगी आणत फिरावं लागतं. माझ्या माहितीतल्या एका घरात हे झालंय. पोरगा हुशार होता, डिप्लोमा झालेला, कागद अडकले आणि तोही अडकला.

म्हणून परदेशात असलेल्या माणसाचं ग्रुपवरचं वजन ओळखा. पेठेतली लहान पोरं तुम्हाला मानतात. "जर्मनीतल्या दादानं टाकलंय" म्हणून तुमचं स्टेटस पुढं जातं. तेच वजन दुसऱ्या बाजूला टाकता येतं. भडकवणारा व्हिडिओ आला तर ग्रुपवर न भांडता ज्यानं टाकला त्याला थेट फोन करा, काढ म्हणून सांगा. लांबून केलेला फोन पोरं ऐकतात, आणि घरच्या माणसांपेक्षा लवकर ऐकतात. जिंकल्यावर स्टेटस जरूर लावा, आपल्या गोलचा लावा, पोरांच्या घामाचा लावा. हरलेल्या पेठेचं नाव त्यात नको.

पैशाचं बोलू. नवीन नोकरी, युरोतला पगार, त्यामुळं पहिल्याच हंगामात तालमीतून फोन येईल, आणि तुम्हालाही द्यावंसं वाटेल. द्या, पण कागद नीट ठेवून. परदेशात नोकरीला आल्यावर भारतातलं साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं खातं, करून घ्यावं लागतं. ते राहिलं असेल तर आधी ते करा. भारतीय नागरिकानं परदेशात कमावलेल्या स्वतःच्या बचतीतून, बँकेच्या नेहमीच्या मार्गानं दिलेली देणगी परकीय देणगी धरली जात नाही, त्यामुळं एनआरई (परदेशातल्या कमाईचं खातं) किंवा एनआरओ खात्यातून तालमीच्या खात्यावर पैसे पाठवता येतात. पावती मागा. नोंदणी असलेल्या संस्थेच्या नावाचं खातं हवं. एखाद्या कार्यकर्त्याच्या वैयक्तिक खात्यावर किंवा फोनवर आलेल्या क्यूआर कोडवर पाठवू नका. तो कार्यकर्ता कितीही जवळचा असला तरी उद्या हिशोबावरून बोलणं त्यालाच खावं लागतं.

पुढं तुमच्यातले काहीजण जर्मन पासपोर्ट घेतील. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, त्यामुळं त्या दिवसापासून तुम्ही परदेशी नागरिक; ओसीआय, म्हणजे मूळ भारतीय असलेल्या परदेशी नागरिकाचं कार्ड, अर्ज करून मिळतं. ओसीआय माणसाचे पैसे ही परकीय देणगी ठरते, आणि एफसीआरए, म्हणजे परकीय देणगीच्या कायद्याखालची, नोंदणी नसलेल्या संस्थेला ती घेता येत नाही. बहुतेक तालमींकडे अशी नोंदणी असण्याचं कारणच नाही. भावाच्या खात्यातून फिरवून पाठवण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, अडचण तालमीची होते. पैसे सोडून देण्यासारखं खूप काही आहे, ते खाली येतंच.

पैसे कशासाठी जावेत, यावर माझं ठाम मत आहे. कोल्हापूरचा हंगाम खर्चिक झालाय. परदेशी खेळाडू येतात, बाहेरगावचे येतात, त्यांची राहण्याची सोय, मानधन. एका पेठेनं आणला की दुसरीला आणावासा वाटतो. खेळाचा दर्जा त्यानं वाढला हे खरंय, नायजेरियाच्या खेळाडूंसमोर उभं राहून आपली पोरं निबर झाली. पण इथून गेलेला युरो त्या चढाओढीत घालू नये. त्यासाठी गावात देणारे आहेत. ज्यासाठी कुणी देत नाही ते बघा: चौदा वर्षांखालच्या पोरांचे बूट, नडगीची पॅडं, आणि सगळ्यात आधी दुखापत. गुडघ्याचा लिगामेंट तुटला की शस्त्रक्रिया आणि मग महिनोन्महिने फिजिओथेरपी. रोजंदारीवर जाणाऱ्या घरातला पोरगा असला तर फिजिओ अर्ध्यात सुटतो, आणि तो खेळाडू संपतो. इथल्या क्लबांत सभासद खेळाडूचा विमा राज्याच्या क्रीडा महासंघामार्फत आपोआप असतो. आपल्याकडे पूर्ण संघाचा समूह अपघात विमा काढता येतो. आठ-दहा जणांनी मिळून आपापल्या तालमीच्या संघाचा वर्षाचा हप्ता उचलला तर त्याहून मोठी मदत नाही. मात्र त्यात वैद्यकीय खर्चाचं कलम आहे का आणि स्पर्धेतल्या सामन्यातली दुखापत धरली आहे का, हे पॉलिसी वाचून बघा. बॉल इकडून नेऊ नका. जालंधरहून येणारे बॉल चांगले असतात आणि तुमची बॅगही भरत नाही. गोलकीपरचे हातमोजे आणि लहान मापाचे वापरलेले चांगले बूट इथल्या जुन्या वस्तूंच्या बाजारात स्वस्त मिळतात, ते न्यायला हरकत नाही.

सुट्टीचं गणित थोडक्यात. गणपती-दिवाळीला गेलात तर फुटबॉल दिसणार नाही. ईस्टरला जा. गुड फ्रायडे आणि ईस्टर सोमवार सरकारी सुट्टीचे, मधला शनिवार-रविवार, आणि पुढचे चार दिवस रजा टाकली की सलग दहा दिवस मिळतात. ईस्टर मार्चच्या शेवटापासून एप्रिलपर्यंत कधीही येतो, म्हणजे नेमका आपल्या हंगामात. शाळांच्या सुट्ट्या त्याच वेळी असतात, तिकीट लवकर काढा.

आता इथल्या मातीचं. पेठेवर जीव आहे म्हणून इथला फुटबॉल बघायचा नाही, असं काहीजण मनाशी धरून बसतात. त्यात काही मिळत नाही. व्हीएफबी स्टुटगार्ट १८९३ चा क्लब, पांढऱ्या जर्सीवर छातीवरून लाल पट्टा, पाच वेळा जर्मनीचा विजेता. डेगरलोखच्या टेकडीवर १८९९ चे स्टुटगार्टर किकर्स, निळ्या रंगाचे. एका शहरात दोन रंग म्हणजे काय ते कोल्हापूरकराला वेगळं समजावून सांगायची गरज नाही. मोठ्या क्लबचं सभासद होता येतं; व्हीएफबीचे एक लाखाहून अधिक सभासद आहेत आणि सभेत त्यांना मत असतं. इथल्या नियमानुसार व्यावसायिक संघाच्या कंपनीतही मतांचं बहुमत सभासदांच्या क्लबकडंच राहतं. पैसेवाला येऊन क्लब विकत घेऊ शकत नाही.

पण माझं ऐकाल तर मोठ्या स्टेडियमच्या आधी घराजवळच्या फेराइनमध्ये जा, म्हणजे नोंदणीकृत क्रीडामंडळात. प्रत्येक उपनगराचं एखादं असतं. रविवारी दुपारी क्राइसलीगाचा सामना, म्हणजे तालुका पातळीची लीग. दोन-चार युरो तिकीट, कठड्याला टेकून उभी असलेली म्हातारी माणसं, प्रत्येकाला प्रत्येक खेळाडूचं घराणं माहीत, आणि पंचाला शिव्या. पहिल्याच दिवशी तुम्हाला आपल्या पेटाळा मैदानावर उभं असल्यासारखं वाटेल. सभासद वर्गणी थोडी असते. माणसं हवी असतात: रेषा आखायला, चहा-सॉसेजच्या खिडकीत उभं राहायला, लहान पोरांना खेळवायला. भाषा कच्ची असली तरी काम करणाऱ्याला कुणी परका म्हणत नाही. जर्मन मी तिथंच शिकलो, वर्गात शिकलो त्यापेक्षा जास्त.

लहान पोरांच्या सरावाला मदतीला जाच, कारण तिथून तालमीला पाठवण्याजोगं खरं काही मिळतं. २०२४-२५ च्या हंगामापासून जर्मन फुटबॉल संघटनेनं सगळ्यात लहान गटांसाठी छोट्या मैदानावरचे खेळ बंधनकारक केले. दोनास दोन, तिनास तीन, चार छोटे गोल, गोलकीपर नाही. प्रत्येक पोराच्या पायाला बॉल सतत लागतो, बाकावर कुणी बसून राहत नाही. आता आपल्याकडचं बघा. गांधी मैदानावर एका वेळी चार क्रिकेटचे डाव चाललेले असतात, पावसाळ्यात निम्म्यात पाणी. पूर्ण मैदान मिळत नाही म्हणून लहान पोरांचा सराव रखडतो. या पद्धतीला मैदानाचा एक छोटा तुकडा आणि प्लास्टिकचे आठ कोन पुरतात. दोन-तीन शनिवार उभं राहून बघा, पालकांची परवानगी असेल तरच चित्रण करा (इथं मुलांच्या चित्रणाबाबत लोक फार काटेकोर आहेत, आणि ते बरोबर आहे), नाहीतर कागदावर आखणी काढून तालमीच्या प्रशिक्षकाला पाठवा. ओसीआय मंडळींना वर म्हटलं होतं ना, पैसे सोडून देण्यासारखं खूप काही आहे? हे द्या.

तुमची स्वतःची मुलं इथं वाढतील तेव्हा ती व्हीएफबीचीच होतील. होऊ द्या. त्यांना पेठेचा संघ जबरदस्तीनं लावू नका. गावी गेलात की संध्याकाळी सरावाच्या वेळी मैदानावर घेऊन जा आणि तिथल्या पोरांत सोडा. फुटबॉल खेळायला मराठी फारशी लागत नाही, आणि दोन दिवसांत लागेल तेवढी येते.

शेवटी, जे स्वतः खेळतात त्यांच्यासाठी. इथं लीग सामन्यात उतरायला खेळाडूचा परवाना लागतो, त्याला श्पीलरपास म्हणतात. फॉर्मवर विचारतात की याआधी दुसऱ्या देशात नोंदणी होती का. केएसएच्या स्पर्धांत खेळला असाल तर तुमचं नाव अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या सीआरएस या खेळाडू-नोंदणीच्या प्रणालीत असण्याची शक्यता मोठी आहे, आणि मग आंतरराष्ट्रीय हस्तांतरणाचा दाखला भारतातून मागवावा लागतो. हौशी खेळाडूलाही. "नाही" लिहून मोकळं होऊ नका, नंतर उघड झालं तर तुमच्या फेराइनचे गुण जातात. निघण्यापूर्वी तालमीच्या सचिवांकडून तुमचा सीआरएस क्रमांक आणि शेवटच्या हंगामाची नोंद लिहून घ्या. इथं आल्यावर पहिल्याच आठवड्यात ती फेराइनच्या कार्यालयात द्या, कारण दाखला यायला काही आठवडे जातात आणि इथली लीग ऑगस्टच्या सुमारास सुरू होते.